तुला गाण्यातलं कळतं ना!

घरात एखादा डॉक्टर असला की पाहुणे त्याला जीभ काढून दाखवतात, वकील असला की सातबारा. माझ्याबद्दल आमच्या गोतावळ्यात असा समज आहे की मला 'गाण्यातलं कळतं'. हा समज माझ्या हेडफोनमुळे झाला. चोवीस तास कानाला काहीतरी लावून बसणारा माणूस एक तर बहिरा असतो नाहीतर दर्दी, आणि जेवायला हाक मारली की मी पहिल्या हाकेला ओ देतो. म्हणजे दर्दीच.

खरं सांगायचं तर मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. भूप कुठे संपतो आणि देसकार कुठे सुरू होतो हे मला शेजारी बसून सांगितलं तरी समजणार नाही. मला फक्त इंडी रॉक आवडतं. इंडी म्हणजे इंडियन नव्हे, हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की एखाद्या दिवशी झोपेतही बोलून जाईन. इंडिपेंडंटचं ते लाडाचं नाव. १९७७ साली मँचेस्टरजवळच्या बझकॉक्स नावाच्या बँडने इकडून तिकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि कुठल्याही बड्या कंपनीच्या पायऱ्या न झिजवता आपली तबकडी आपणच काढली. त्यांचं पाहून इतरांनाही धीर आला. पुढे बड्या कंपन्यांशी करार केलेले बँडही स्वतःला इंडी म्हणवू लागले, तो भाग वेगळा. मी हे सगळं एकदा बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कुणी घेतलं नाही म्हणून स्वखर्चाने काढलं. आमच्या बँकेतले कुलकर्णी कवितासंग्रह काढायचे तसं."

बाबांनी एका वाक्यात माझ्या पंथाची लाज काढली. पण खोटं काय बोलले?

तर, मामेबहिणीची हळद होती, नारायणगावजवळच्या मळ्यात. मामांचा फोन आला, "डीजे सांगितलाय. गाण्यांचं मात्र तू बघायचं. तुला गाण्यातलं कळतं ना!" मी नाही म्हणू शकलो असतो. पण मनातल्या मनात कुठेतरी, 'आता यांना कळेल' असा एक किडा वळवळला. हा किडा प्रत्येक इंडीवाल्याच्या डोक्यात असतो. चौदा गाण्यांची यादी केली, रात्री दीडपर्यंत क्रम बदलत बसलो, आणि सकाळी अंगात ठेवणीतला काळा टी-शर्ट घातला. जॉय डिव्हिजन या बँडच्या १९७९ सालच्या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ त्यावर आहे. काळ्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा, एकाखाली एक.

"हळदीला काळं?" आई दारातच उभी राहिली.

"आई, हा टी-शर्ट म्हणजे—"

"ईसीजी आहे ना तो? शुभकार्याला काळा रंग, त्यावर ईसीजी. वर तिथे हळद लागली की धुणार कोण?"

तिन्ही मुद्दे बिनतोड होते. मी बॅगेत कुर्ता टाकला आणि 'तिथे बदलतो' असं म्हणून गाडीत बसलो.

गाडी बाबा चालवत होते. पुढे आई, मागे मावशी, मावसभाऊ आणि मध्ये मी, कारण लहानपणापासून मध्ये मीच. पुण्याहून नारायणगाव पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. पण नाशिक रस्त्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, चाकणमध्ये मोजायचं असतं. भोसरी गेली, मोशी गेली आणि चाकणला आम्ही जे थांबलो ते थांबलोच. उजवीकडे कंटेनर, डावीकडे टेम्पो, समोर एसटी. मावशी म्हणाली, "लाव रे तुझी गाणी. नाहीतरी बसलोच आहोत."

असा श्रोतृवर्ग पुन्हा मिळणार नव्हता. दारं उघडून पळावं म्हटलं तर पळायलाही जागा नव्हती. मी ब्लूटूथ जोडला.

पहिलं गाणं जॉय डिव्हिजनचंच. त्याला मिनिटभर नुसतीच वाजवावाजवी आहे. आईने विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" सुरू झाल्यावर मावशीने विचारलं, "याला बरं नाहीये का?"

"त्याचा आवाजच तसा आहे. खोल."

"विहिरीतून बोलल्यासारखा. आणि म्हणतोय काय?"

मी सांगितलं, एकंदरीत आशय असा की नवरा-बायकोचं पटत नाही, घरात वातावरण थंड आहे.

"लग्नाला जाताना हे लावायचं?" आईने आवाज कमी केला. मावसभाऊ मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "बीट ड्रॉप कधी होतो?" बीट ड्रॉप होत नाही, तो सुरुवातीपासून तसाच खाली पडलेला असतो, हे मी बोललो नाही.

मावशीने चौकशी सोडली नाही. "आता काय करतो हा मुलगा? अजून गातो?"

"गेला तो. १९८० साली. तेवीस वर्षांचा होता."

गाडीत काही क्षण नुसतं गाणंच राहिलं. मावशी खिडकीतून कंटेनरकडे बघत म्हणाली, "आई असेल ना रे त्याची." मग थोड्या वेळाने, "लाव परत. पण हळू लाव."

माझ्या संगीतप्रसाराच्या कारकिर्दीतला हा पहिला विजय होता, आणि त्यात संगीताचा वाटा नव्हता.

राजगुरुनगरपर्यंत विषय सिनेमावर आला. आमच्याकडे कुठलाही विषय राजगुरुनगरपर्यंत सिनेमावर येतोच. मावसभावाचं म्हणणं असं की मला कुठलाच चालणारा सिनेमा आवडत नाही, मी मुद्दाम रिकाम्या थिएटरातले सिनेमे शोधून काढतो. हे साफ खोटं आहे. माझं दुःख निराळं आहे. माझे बँड चालणाऱ्या सिनेमात जातात, ते मला सोसत नाही. २००९ साली 'ट्वायलाइट'च्या दुसऱ्या भागाच्या अल्बममध्ये रेडिओहेडचा थॉम यॉर्क, डेथ कॅब फॉर क्युटी, बॉन इव्हेर अशी सगळी माझी माणसं एका ओळीत बसलेली दिसली. आपल्या कट्ट्यावरची मंडळी अचानक कुणा मंत्र्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दिसावीत, तसा धक्का बसला. त्यांच्यासाठी म्हणून मी तो सिनेमा पाहिला. उन्हात गेला की चकाकणारा व्हॅम्पायर पाहिला. आणि माझी गाणी? संवादांच्या पाठीमागे, शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही ऐकू यावा इतपत.

बाँडपटाचंही तेच. 'स्पेक्टर'साठी रेडिओहेडने गाणं केलं आणि सिनेमावाल्यांनी ते घेतलं नाही. सॅम स्मिथचं घेतलं, त्याला ऑस्कर मिळालं. जगभरचे चाहते हळहळले असतील, मी मात्र त्या दिवशी चितळ्यांकडून पाव किलो आंबा बर्फी आणली. नाकारले गेले, म्हणजे अजून आपलेच आहेत! २०११ मध्ये आर्केड फायरला ग्रॅमीचं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस मिळालं तेव्हा अर्ध्या इंटरनेटवर लोक 'हे कोण?' म्हणून विचारत होते. त्या प्रश्नाने मला जो आनंद झाला, तो बक्षिसाने झाला नाही.

"म्हणजे तुला लोकांना आवडलेलं आवडत नाही," बाबा आरशातून म्हणाले.

"तसं नाही."

"'सैराट' आवडला का?"

मी गप्प बसलो. २०१६ साली मित्रांमध्ये मी सांगितलं होतं की ठीक आहे, जरा लांबलाय. वास्तविक मी तो तीनदा पाहिला होता, तिन्ही वेळा वेगवेगळ्या थिएटरात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. त्यातल्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी थेट अमेरिकेत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला, तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आणि 'झिंगाट' लागलं की माझा डावा खांदा माझं ऐकत नाही. उजवा ऐकतो.

"बरा होता," मी म्हणालो. आई खिडकीकडे तोंड करून हसली. तिसऱ्या वेळी ती माझ्याबरोबर होती.

मळ्यावर पोचलो तर मांडवाच्या कडेला डीजेच्या पेट्या रचलेल्या. मामा पुढे आले, माझ्या छातीकडे बघून थबकले आणि म्हणाले, "हा तर पल्सर!"

मावसभावाने मान वर केली. "कुठंय? दीडशे की दोनशेवीस?"

"गाडी नव्हे रे. तारा. आकाशातला." आणि मामा, म्हणजे ज्यांच्याशी मी आजवर टोमॅटोच्या बाजारभावापलीकडे एक वाक्य बोललो नव्हतो ते मामा, टी-शर्टवर बोट ठेवून सांगायला लागले. जवळच खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. दरवर्षी विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात, आणि मामा पोरांना घेऊन जायचे. पोरं मोठी झाली तरी मामा जातात. "हा पहिला सापडलेला. १९६७ ला. केंब्रिजच्या एका पोरीनं शोधला, जोसेलिन बेल. दर १.३३ सेकंदाला एक ठोका. आधी त्यांना वाटलं, परग्रहावरनं कुणी हाक मारतंय की काय! शोधला पोरीनं आणि नोबेल दिलं गाइडला." मामांनी मांडवाकडे हात केला. "आपल्याकडंच असं होतं असं नाही."

बारा वर्षं मी तो टी-शर्ट घालतोय. पुण्यात २०१० साली एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यापासून तिथे असले टी-शर्ट घातलेली शंभर माणसं मला भेटली असतील. रेघा कशाच्या, हे त्यांतल्या एकानेही मला सांगितलं नव्हतं. मीही त्यांना सांगितलं नव्हतं, कारण मलाही नक्की ठाऊक नव्हतं. आजवर 'ही ध्वनिलहर आहे' असं ठोकून देत आलो होतो.

डीजेवाला पोरगा वायरी जोडता जोडता ऐकत होता. "१.३३ ला एक, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस," तो म्हणाला. "लय स्लो. पब्लिक झोपंल."

हिशोब अचूक होता. आपली गाठ साध्यासुध्या माणसाशी नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्याला माझी यादी दिली. त्याने एका कानाला हेडफोन लावून गाणी चाचपायला सुरुवात केली, दर गाण्याला दहा सेकंद. मंडईत वांगी बघतात तसं.

"हे नाय चालणार. हे पण नाय. ह्याला ठेका कुठंय? हे चालंल, पण मयताला." जॉय डिव्हिजनपाशी मात्र तो थांबला. "हे काय वाजतंय वर वर? गिटार?"

"बेस आहे, खालच्या सुरांची गिटार. त्यांचा बेसवाला तिच्यावर चाल वाजवतो, वरच्या पट्टीत."

"बेस वर आणि गिटार खाली?" तो विचारात पडला. "येडी माणसं." पण गाणं त्याने काढलं नाही, बाजूला ठेवलं.

हळद सुरू झाली. मी कुर्ता घातला, तो पहिल्या पाच मिनिटांत पिवळा झाला. 'झिंगाट' दोनदा झालं. डाव्या खांद्याने आपलं काम केलं, आणि मावसभावाने त्याचा व्हिडिओ काढला. दहाला आवाज बंद करावा लागतो, त्यामुळे साडेनऊनंतर सगळ्यांच्या अंगात जास्तच आलं. पावणेदहाला एक हलगीचा ठेका सुरू झाला आणि चार फेऱ्यांनंतर त्याच्यावर काहीतरी ओळखीचं तरंगत आलं.

तो बेस होता. माझा बेस. खाली नारायणगावची हलगी आणि वर १९७९ चं मँचेस्टर. आणि दुष्टपणा असा की बसत होतं. जॉय डिव्हिजनच्या ढोलकऱ्याचा एकसुरी, यंत्रासारखा ठोका हलगीच्या आत असा काही जाऊन बसला की जणू तो पोरगा मॅकल्सफील्डला नाही, जुन्नरला जन्मला होता. मामा नाचत होते. मावशी पदर खोचून नाचत होती आणि मला ओरडून सांगत होती, "तोच ना रे हा? गाडीतला?" नवरीचे सासरे दोन्ही हात वर करून विहिरीतल्या आवाजाला साथ देत होते, अर्थातच शब्दांशिवाय.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. बारा वर्षं जे मागत होतो ते समोर चाललं होतं, आणि पोटात खड्डा पडला होता.

दहाला गाणी थांबली. मावसभाऊ घामाघूम होऊन आला, "दादा, हे गाणं ग्रुपवर टाक ना." आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्रेपन्न माणसं आहेत. त्यांतली चाळीस रोज सकाळी सुप्रभात घालतात. उद्यापासून त्या फुलांमागे माझा बेस वाजणार होता. मी म्हणालो, "इथे रेंज नाही."

"खोडदची दुर्बीण जवळ आहे ना, मोबाइलच्या लहरी तिला चालत नाहीत," मामांनी मला सांभाळून घेतलं, निदान मला तरी तसं वाटलं.

डीजेवाला वायरी गुंडाळत होता. मला बघून त्याने हात केला.

"दादा, त्या येड्यांचं आणखी काय हाय का? दुसरा अल्बम वगैरे? परवा ओतूरला सुपारी हाय."

दुसरा अल्बम आहे. पहिल्याहून चांगला आहे. माझ्या खिशात, फोनमध्ये, त्या क्षणीही होता.

"नाही रे," मी म्हणालो. "तेवढंच."