छत्तीस वर्षं कमांडो? जरा हिशेब करू

धुराच्या लोटासमोर उभे असलेले जनरल, डोक्यावर मरून बेरे आणि खाली लांबलचक मजकूर. हा फॉरवर्ड दर दोनतीन महिन्यांनी नवा फोटो चिकटवून परत येतो. मजकुराचा गाभा ठरलेला. साहेब पॅरा स्पेशल फोर्सेसचे (म्हणजे एसएफ, लष्करातले निवडक कमांडो), सलग ३६ वर्षं कमांडो. निवृत्तीपर्यंत रायफल घेऊन स्वतः मोहिमांवर जायचे. पदकं मिळत गेली तशी बढती मिळत गेली. खरं तर एनएसजीचे (दहशतवादविरोधी राष्ट्रीय सुरक्षा गार्डचे) प्रमुख झाले असते, पण लष्करात एसएफवाल्यांना वर येऊच देत नाहीत. आणि हे सगळं गुप्त असल्यामुळे कुठे वाचायला मिळणार नाही.

शेवटचं वाक्य भलतंच सोयीचं आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी ३६ वर्षं. अधिकारी साधारण बाविसाव्या वर्षी कमिशन घेतो. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत पदं सेवाकाळावर मिळतात. एसएफच्या पलटणीत कंपनीऐवजी 'टीम' म्हणतात आणि ती मेजरच्या हाताखाली असते. छाप्याला प्रत्यक्ष जाण्याची वर्षं ती हीच, पंचविशी ते पस्तिशी. त्यातूनही वजाबाकी आहे: वेलिंग्टनचा स्टाफ कॉलेजचा कोर्स, कुठे प्रशिक्षकाची नेमणूक, कुठे मुख्यालयातली खुर्ची. ९ पॅरा या एसएफ पलटणीचे मेजर सुधीर वालिया १९९९ मध्ये लष्करप्रमुख जनरल मलिक यांचे एडीसी, म्हणजे वैयक्तिक सहायक अधिकारी होते. कारगिल पेटल्यावर ते दिल्ली सोडून पलटणीकडे गेले, झुलू टॉपच्या लढाईत होते आणि २९ ऑगस्टला कुपवाड्यात धारातीर्थी पडले. अशोकचक्र मिळालं. आपल्याला शेवटचा भाग आठवतो. एडीसीची नेमणूकही त्याच कारकिर्दीतली होती, हे कुणी सांगत नाही.

चाळिशीच्या आसपास कर्नल होऊन पलटणीची कमान मिळाली, तर ती दोनेक वर्षांची. त्यानंतर पलटण सुटते. ब्रिगेडियर झाल्यावर तर गणवेशही सांगतो की आता तू एका रेजिमेंटचा राहिला नाहीस. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना एकसारखी टोपी, एकसारखे बिल्ले, पट्टा आणि बूट लागू झाले, खांद्यावरची दोरीही गेली. प्रोबेशनमध्ये, म्हणजे निवडीच्या कठोर परीक्षेत, झोप, चामडी आणि अहंकार सोलून घेऊन मिळवलेली एसएफची ओळख, छातीवरचा तो 'बलिदान' लिहिलेला खंजिराचा बिल्ला, माणसाला किती प्रिय असेल! त्या ओळखीच्या पुढे जाता येणं हीच वरिष्ठ होण्याची अट आहे.

दुसरा दावा, पदकं म्हणजे बढती. कर्नलपासून पुढे प्रत्येक पायरीवर निवड मंडळ बसतं. ते बॅचप्रमाणे अधिकारी तोलतं आणि मुख्य वजन असतं वर्षानुवर्षांच्या गोपनीय अहवालांना. पदकाला वजन असतं, पण थोडं. उलट उदाहरण हवंच असेल तर जुनं आहे: १९६५ च्या युद्धात मेजर मेघ सिंग यांनी 'मेघदूत फोर्स' ही स्वयंसेवकांची तुकडी बांधून शत्रूच्या पिछाडीला छापे घातले आणि त्यांना वीरचक्र व लेफ्टनंट कर्नलची बढती दोन्ही मिळालं. त्याच मेघदूत फोर्समधून पुढच्या वर्षी ९ पॅरा उभी राहिली. पण ते दिवस वेगळे होते.

आता मला सर्वांत खटकलेली गोष्ट. पलटणीतून बाहेर पडलेला एसएफ अधिकारी म्हणजे 'टेबलावर बसवलेला' माणूस, असा या मजकुराचा सूर आहे. महाराष्ट्रात बसून तरी हे कुणी पुढे ढकलू नये. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅरा एसएफचे. ही पलटण मुळात २१ मराठा लाइट इन्फंट्री, १९९६ मध्ये ती एसएफ झाली. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात महाडिक शहीद झाले तेव्हा ते एसएफच्या पलटणीत नव्हते. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्सच्या ४१ व्या पलटणीची कमान त्यांच्याकडे होती. तिथले जवान सहा महिने गाळून निवडलेले नसतात. कुणी चार महिन्यांपूर्वी आलेला, कुणी परतीच्या तारखा मोजणारा. खाली गावं, त्यात बायकामुलं, सरपंच, खबरे. एसएफमध्ये दहाबारा निवडक माणसं एका इशाऱ्यावर हलतात. इथे शेकडो साध्या जवानांना हलवायचं आणि गावाशीही बोलायचं. हे काम सोपं म्हणणाऱ्याने एकदा साधी गणेशोत्सवाची मिरवणूक सांभाळून दाखवावी.

एनएसजीचं लवकर आटोपतं. तिच्या महासंचालकपदी आयपीएस अधिकारी असतो. हल्ला करणाऱ्या स्पेशल ॲक्शन ग्रुपमध्ये माणसं लष्करातून येतात, पण तीही सगळी पॅराची नसतात. २६/११ ला ताजमध्ये शहीद झालेले मेजर संदीप उन्नीकृष्णन बिहार रेजिमेंटचे होते.

'वर येऊ देत नाहीत' यात कणभर तथ्य आहे. एसएफमधून आलेला लष्करप्रमुख अजून झालेला नाही. पण एसएफच्या पलटणी मोजक्या, पायदळाच्या कितीतरी जास्त. त्यात प्रमुखपदासाठी ज्येष्ठता आणि जन्मतारीख जुळावी लागते. कटाची गरजच नाही. बाकी १९८७ साली ४ पॅरात (आता एसएफची पलटण) कमिशन घेतलेले लेफ्टनंट जनरल पुष्पेंद्र सिंग १ ऑगस्ट २०२५ रोजी लष्कराचे उपप्रमुख झाले. त्याआधी त्यांनी ९ कोअर सांभाळली होती. कोअर म्हणजे रणगाडे, तोफा, रसद, पूल, इस्पितळं, आणि त्यातलं कमांडो काम नखाएवढं.

आता ते गुप्ततेचं. मोहिमेचा तपशील गुप्त असतोच. पण कुणी काय केलं याची ढोबळ वाटणी शौर्यपदकांच्या यादीत उघड छापून येते. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकचंच घ्या. २०१७ च्या प्रजासत्ताक दिनाची यादी काढा. नियंत्रण रेषा ओलांडून गेलेले मेजर रोहित सुरी यांना कीर्तिचक्र. ४ आणि ९ पॅराचे कमांडिंग ऑफिसर कर्नल हरप्रीत संधू आणि कर्नल कपिल यादव यांना युद्ध सेवा पदक, जे शौर्यासाठी नसून युद्ध किंवा संघर्षाच्या काळातल्या विशेष सेवेसाठी असतं. आणि या सगळ्यांच्या वर, उत्तर कमांडच्या प्रमुखपदी होते लेफ्टनंट जनरल हुडा. ते गोरखा रायफल्सचे, म्हणजे पायदळाचे.