आधी माणूस बाहेर कसा येणार ते सांग

काल कट्ट्यावर परत युक्रेन. बंड्याने तो कासव टँकचा व्हिडिओ लावला, अख्ख्या रणगाड्यावर पत्र्याची शेड ठोकलेली, आणि सुरू, "याला म्हणतात जुगाड! मला दोन वेल्डर द्या, सकाळपर्यंत पाच काढून देतो." बंड्याचं फॅब्रिकेशनचं दुकान, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रॉब्लेमवर त्याचं उत्तर वेल्डिंगच.

दफेदार काका आपल्या सैन्यात टी-७२ रणगाड्यावर गनर, म्हणजे तोफ डागणारे होते, कोर्स आपल्या नगरलाच केलेला. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "टरेट, म्हणजे वरचा तोफेचा घुमट, फिरतोय का त्याचा?"

"फिरवायचाय कशाला, ड्रोन वरून येतंय—"

"मग तोफ काय शोभेला ठेवलीय?"

मग काका जे बोलले ते मला फार पटलं. टी-७२ मध्ये तिघंच, त्यांच्या बुडाखाली कॅरोसेलमध्ये, म्हणजे तोफेत आपोआप गोळा भरणाऱ्या यंत्राच्या फिरत्या चकतीत, २२ राउंड, आणि उरलेले जिथे जागा मिळेल तिथे कोंबलेले. आग लागली की टरेट उडतो तो यामुळेच. म्हणून तिथले बरेच क्रू आता जास्तीचे राउंड मागेच ठेवून फक्त २२ घेऊन जातात. "हे खरं मॉडिफिकेशन, आणि खर्च शून्य," काका म्हणाले. वर रिव्हर्स म्हणाल तर ताशी चार किलोमीटर, म्हणजे अडकलं तर मागे पळायचीही सोय नाही.

संज्याने मधेच जुना टी-६२ रणगाडा काढला, त्यात चौथा माणूस लोडर असतो, गोळा हाताने भरतो, आपोआप भरणाऱ्या ऑटोलोडरची भानगडच नाही, मग तो बरा ना? काका म्हणाले, "त्याच्या टरेटला मागे खिडकी आहे, फायर झाला की रिकामी केस तिथून आपोआप बाहेर फेकली जाते. बंड्याने ड्रोन अडवायला तिथेच जाळी मारली तर?"

बंड्या लाल. "म्हणजे जाळी लावायचीच नाही? मरू द्यायचं पोरांना?"

"लावायची रे. मी आत असतो तर मीच मागितली असती. पण टी-७२ ची नळी नेमकी पुढे वाकून थांबली तर ड्रायव्हरचं झाकणच धड उघडत नाही, त्यात वरून तुझा पत्रा. पेटल्यावर हातात सेकंद असतात. आधी माणूस बाहेर कसा येणार ते सांग, मग वेल्डिंग."

कोणी बोलेना. बंड्या पुटपुटला, "मी केलेल्या कामात असलं काही होत नाही."

"माझं गेट!" संज्या ओरडलाच. "तायडीच्या हळदीला जाम झालं, नवरीकडची सगळी मंडळी भिंतीवरून उतरवली!"

काकांना ठसका लागला, बंड्या अजूनही म्हणत होता की बिजागरी संज्यानेच स्वस्तातली आणली होती.