नडगी जुळते, पाय मागे राहतो

सायकलवरून पडून पाय मोडला की घरच्यांचा सगळा जीव ऑपरेशनात अडकतो. रॉड की प्लेट, खर्च किती, संभाजीनगरला न्यायचं की लातूरलाच करायचं, पाहुण्यारावळ्यांत कुणाची डॉक्टरांशी ओळख आहे. टाके निघाले की सगळे निर्धास्त. माझं मत असं की मराठवाड्यात ऑपरेशनं बरी होतात. बिघडतं ते पडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात आणि ऑपरेशननंतरच्या तीन-चार महिन्यांत. हाड जुळतं, पण गुडघा वळत नाही, टाच टेकत नाही, मांडी सुकते आणि लंगडणं कायमचं मागे लागतं. यातलं बरंचसं टाळता येतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पडायची कारणं इथली ठरलेली आहेत. हंगामात पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या डबल ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून डांबरावर आणलेली काळी माती. चार थेंब पडले की तिच्यावर ब्रेक लावायची सोय नाही. डांबराचे थरावर थर चढलेले आणि साइडपट्टी वीतभर खाली. खुलताबादच्या घाटात उतरताना वेग असतो, वाळूजच्या रस्त्यावर शिफ्ट सुटल्यावरची गर्दी असते.

माणूस पायावर जोर येऊन पडला की बहुधा नडगी मोडते. बाजूवर आपटला तर खुबा. खुब्याचं फ्रॅक्चर हमखास फसवतं. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर कुणालाही कळतं, पण कधीकधी हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसतात, पाय सरळ दिसतो, फक्त जांघेत दुखतं आणि भार सहन होत नाही. तेव्हा ‘मुका मार आहे, शेकून काढू’ म्हणून चार दिवस काढू नका. साध्या एक्स-रेत दिसलं नाही तरी दुखणं तसंच असेल तर सीटी किंवा एमआरआय लागतो. तरुण माणसात खुब्याच्या मानेचं फ्रॅक्चर तातडीचं असतं, कारण चेंडूसारख्या गोल भागाचा रक्तपुरवठा त्या मानेतूनच जातो.

आता पहिला तास. ‘उठून बघ, चालून बघ’ हे पहिलं चुकतं. पाय जसा आहे तसा आधार देऊन बांधा. नियम एकच, मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा दोन्ही सांधे हलता कामा नयेत. म्हणजे नडगी मोडली असेल तर आधार मांडीपासून टाचेच्या पुढेपर्यंत हवा. फळी, जाड पुठ्ठा, छत्री काहीही चालतं. काहीच नसेल तर दोन पायांच्या मध्ये घडी केलेली चादर ठेवून दुखरा पाय चांगल्या पायाला उपरण्याने बांधा. गाठ मोडलेल्या जागेवर नको, वर आणि खाली. बांधण्याआधी आणि बांधल्यावर बोटं बघा: कोमट आहेत का, हलतात का, स्पर्श कळतो का. बांधल्यावर बोटं थंड किंवा पांढरी पडली तर सैल करा.

नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर फक्त कातडी असते, मांस नाहीच. म्हणून हाड बाहेर येण्याचं प्रमाण या हाडात जास्त. जखम असेल तर स्वच्छ कापडाने झाका, रक्त येत असेल तर दाबून धरा. हळद, कॉफी, टूथपेस्ट, माती यातलं काहीही लावू नका आणि बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. अशा जखमेत दवाखान्यात पोचल्या-पोचल्या अँटिबायोटिकची सुई आणि धनुर्वाताचं इंजेक्शन महत्त्वाचं, त्यासाठी उशीर नको. १०८ ला फोन करा. वाटेत चहा-बिस्किटं देऊ नका. भूल द्यायची झाली तर खाल्ल्यानंतर साधारण सहा तास थांबावं लागतं.

हाडवैद्याबद्दल. पिढ्यानपिढ्यांचा विश्वास आहे, मान्य. सरळ तडा असेल तर हाड निसर्गतः जुळतंच आणि श्रेय बांबूच्या कामट्यांना मिळतं. पण ताज्या फ्रॅक्चरवर तेल चोळून वर कामट्या आवळणं हे पाय गमावण्याच्या वाटेवरचं पाऊल आहे. नडगीभोवतीचे स्नायू घट्ट कप्प्यांत असतात. आत रक्त आणि सूज वाढली की कप्प्यातला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. खूण लक्षात ठेवा: दुखणं मार लागला त्याच्या मानाने फारच जास्त, गोळीने न थांबणारं, आणि पायाची बोटं दुसऱ्याने हलकेच वाकवली तरी पोटरीत जीव जाणारं. मुंग्या येणं, बोटं बधिर होणं ही पुढची पायरी. हे प्लास्टरमध्येही होतं. असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजताही जायचं. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवायचा आणि प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत पूर्ण कापून घ्यायचं.

एरवी, असं काही नसताना, पहिले दोन-तीन दिवस घोटा छातीपेक्षा उंच हवा. एक उशी पुरत नाही, दोन-तीन लागतात, किंवा पलंगाच्या पायथ्याखाली विटा. पीओपीचं प्लास्टर वरून अर्ध्या तासात कडक लागतं, पण आतून वाळायला दोन ते तीन दिवस जातात, तोवर बोटांनी दाबलं तर खळगा पडतो आणि तो आतून टोचतो. उचलायचं तर तळहाताने. एप्रिल-मे मध्ये लातूर-परभणीच्या उन्हात प्लास्टरच्या आत घाम आणि खाज असह्य होते. तिथे फूटपट्टी किंवा विणायची सुई घालू नका, कातडी सोलते आणि जखम आत कुजते. कूलरचा वारा प्लास्टरच्या तोंडाशी येऊ द्या. वास आला किंवा वरून ओलसर डाग दिसला तर दाखवायला न्या.

माझा खरा मुद्दा मात्र वजनाचा आहे. सुट्टी मिळताना कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात, पुढची तारीख असते, पायावर किती किलो भार टाकायचा हे बहुतेक वेळा नसतं. आपण विचारत नाही. मग शेजारचे काका सांगतात, ‘मला तर तिसऱ्या दिवशी चालवलं होतं.’ काकांची नडगी मधोमध मोडली होती आणि आत रॉड होता. तिथे बहुतेकदा सोसेल तेवढा भार लवकर टाकायला सांगतात, त्याने जुळणीला मदतच होते. तुमचं फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्यापर्यंत गेलं असेल आणि प्लेट असेल, तर सहा ते बारा आठवडे भार टाकायचा नसतो. टाकला तर सांध्याचा पृष्ठभाग खचतो, गुडघा वाकडा होतो आणि पुढे झीज लवकर सुरू होते. उलटी चूकही तितकीच होते: रॉड असलेला माणूस घाबरून तीन महिने पाय उचलूनच धरतो, हाड ठिसूळ पडतं, जुळणी रेंगाळते.

म्हणून चार प्रश्न विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. भार अजिबात नाही, फक्त टेकवायचा, ठरावीक किलो, की सोसेल तेवढा? किती आठवडे? गुडघा किती वाकवायचा? घोटा हलवायचा का? ‘फक्त टेकवायचा’ म्हणजे पायाखाली अंडं ठेवलंय आणि ते फोडायचं नाही, इतकाच. ‘वीस किलो’ सांगितलं असेल तर अंदाजाने जमत नाही. घरगुती वजनकाटा घ्या, शेजारी त्याच उंचीची फरशी किंवा पाट, चांगला पाय पाटावर, दुखरा काट्यावर. वॉकर धरून हळूहळू दाबा, काटा वीसवर आला की थांबा, तो दाब लक्षात ठेवा. रोज सकाळी पुन्हा करा. दुखणं नाही म्हणजे भार चालतो असं नाही. रॉड-प्लेट बसल्यावर दुखणं लवकर कमी होतं, हाड अजून जुळायचं असतं.

कुबड्या दुकानदार देतो त्या उंचीवर वापरू नका. काखेत दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे, मूठ मनगटाच्या रेषेत, कोपर थोडं वाकलेलं. भार तळहातांवर. काखेवर लोंबकळलं तर तिथली नस दबते आणि मनगट लुळं पडतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. खालचे रबरी बूट झिजले की लगेच बदला. शहाबादी फरशीवर पाणी सांडलं असेल तर झिजलेलं रबर म्हणजे दुसरं फ्रॅक्चर. वयस्कर माणसाला कुबड्यांपेक्षा वॉकर बरा.

आता व्यायाम. गुडघ्याखाली उशी ठेवून दिवसभर पडून राहणं फार आरामाचं वाटतं, आणि त्यानेच गुडघा वाकलेला राहून आखडतो. उशी टाचेखाली हवी, गुडघ्याखाली काही नको. दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं असं ठेवलं की गुडघा सरळ राहतो. जागेपणी दर तासाला घोटा वर-खाली वीसदा, प्लास्टर असेल तर निदान बोटं. याने पोटरीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पोटरी अचानक सुजली, कडक झाली, किंवा धाप लागून छातीत दुखलं तर ते गॅस म्हणून सोडू नका, थेट मोठा दवाखाना. मांडीचा स्नायू आवळून पाच सेकंद धरायचा, असं दहादा, दिवसातून चारदा. यात भार लागत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून चालतं. मनाई नसेल तर टाच गादीवर घासत गुडघा वाकवायचा. चवड्याला टॉवेल अडकवून पाय स्वतःकडे तीस सेकंद ओढायचा, नाहीतर टाचेची शीर आखडते आणि नंतर टाच जमिनीला लागत नाही. फिजिओथेरपिस्ट रोज परवडणारा नसेल, तालुक्यात नसेलही. पण आठवड्यातून एकदा दाखवून व्यायाम बदलून घेणं बहुतेकांना जमतं, आणि त्यावर केलेला खर्च हजारो रुपयांच्या परदेशी रॉडपेक्षा जास्त कामी येतो असं माझं ठाम मत आहे.

घरात सगळ्यात मोठा प्रश्न संडासाचा. उकिडवं बसता येत नाही. कमोड खुर्ची मिळते. नाहीच मिळाली तर मजबूत लाकडी खुर्चीला मध्ये भोक पाडून ती भांड्यावर बसवा. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात, ती नको. दुखण्याच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ट्रामाडोलने, बद्धकोष्ठ होतो; पाणी, पपई, आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून औषध.

खाण्याचं लोक फार करतात. पायाच्या रस्श्याने हाड जुळतं हे खरं नाही, पण रस्सा चांगला लागतो, घ्या. कॅल्शियमला तीळ आणि नाचणी उत्तम, दूध-दही आहेच. प्रथिनांना डाळ, अंडी, शेंगदाणे, मटण, जे घरात आहे ते. शुगर असेल तर ती आटोक्यात हवी, नाहीतर जखमही चिघळते आणि हाडही रेंगाळतं. एक गोष्ट मात्र खऱ्या अर्थाने जुळणी रोखते: तंबाखू. बिडी, गुटखा, मिश्री, मळलेली तंबाखू, सगळं एकच. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागाला आधीच रक्त कमी, त्यात निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. पेशंट पडून कंटाळलाय म्हणून भेटायला आलेला मित्र पुडी देऊन जातो, त्याला दारातच अडवा.

कागदांचं थोडक्यात. गाडीने उडवलं असेल तर दवाखान्यात एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या. हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापत धरलं जातं. गाडी पळून गेली असेल तर केंद्राच्या योजनेत गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात, पण पोलिसांच्या कागदांशिवाय नाही. २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजनाही आहे. राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

सायकलवर परत कधी? मोठ्या माणसाची नडगी साधी मोडली असेल तरी जुळायला चार-पाच महिने धरा, जखमेसकट मोडली असेल तर अजून जास्त. एक्स-रे दोन बाजूंनी काढला की हाडाच्या चार कडा दिसतात. त्यातल्या निदान तीन कडांवर नवं हाड पुलासारखं पसरलेलं दिसलं पाहिजे. त्याआधी, परवानगी असेल तर, जागेवरची सायकल चालवा: सीट उंच, भार शून्य. पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो, तोवर अर्धा फेरा पुढे-मागे. रस्त्यावर काढण्याआधी सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), क्रँक (पायडलचा दांडा) आणि चाकं सरळ फिरतात का हे मेकॅनिककडून तपासून घ्या. पडलेल्या सायकलचा फोर्क किंचित वाकलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

रॉड गुडघ्यापासून घालतात, म्हणून नंतर गुडघे टेकून बसताना पुढच्या बाजूला बऱ्याच जणांना दुखतं. आरतीला, जमिनीवर काम करताना हे जाणवतं. तेवढ्यासाठी रॉड काढायलाच हवा असं नाही; त्रास नसेल तर तो जन्मभर राहिला तरी चालतो. काढायचाच असेल तर वर्ष-दीड वर्षानंतर, हाड पूर्ण जुळल्यावर. काढल्यावर स्क्रूची भोकं भरायला काही आठवडे लागतात, त्या काळात उड्या, खेळ आणि खडबडीत रस्त्यावरची सायकल बंद.