कळवतो

चाकणच्या एका कारखान्यात मी १४ वर्षं परचेसमध्ये होतो. नटबोल्टवाला असो की पुठ्ठ्याच्या खोक्यांचा शेठ, कोटेशन ठेवून घ्यायचं, चहा पाजायचा आणि म्हणायचं, "कळवतो." गेल्या श्रावणात आमची लाइन बंद झाली आणि मी स्वतःच कोटेशन होऊन दारोदार फिरू लागलो. सात महिने झाले, सगळे मला कळवतायत.

या शास्त्रात माझा गुरू म्हणजे पंचविशीतला भाचा. त्याच्या मते नोकरीच्या पोर्टलवरचं प्रोफाइल रोज सकाळी 'ताजं' करायचं, म्हणजे ते एचआरला वर दिसतं. आता रोज ताजं काय करणार? सोमवारी शेवटी एक पूर्णविराम द्यायचा, मंगळवारी तो काढायचा. लोक सकाळी सूर्याला अर्घ्य देतात, मी टिंब देतो.

मग अर्ज. आधी रेझ्युमे चढवा. चढवला की त्यातलंच सगळं पुन्हा रकान्यांत भरा. यादीत माझं कॉलेज कधीच नसतं, त्यामुळे मी 'अदर' नावाच्या संस्थेतून बी.ई. झालेलो आहे. जाहिरात तासाभरापूर्वीची असते आणि खाली लिहिलेलं असतं, शंभरावर अर्ज आले. हे लोक जेवतात कधी? त्यांच्या मागे मी एकशेएकावा, अहेराच्या पाकिटावर चिकटवलेल्या रुपयासारखा.

नोकरीत होतो तेव्हा फोन यायचे, "नोटिस पीरियड तीन महिने? आम्हाला इमिजिएट जॉइनर हवाय हो." आता मी इतका इमिजिएट आहे की बोलता बोलता पायात बूट चढवू शकतो. तर पलीकडची मुलगी थबकते. "लगेच? का हो सर?" पूर्वी स्थळं नाकारणारेसुद्धा निदान 'पत्रिका जुळत नाही' एवढं तरी सांगायचे. एका साहेबांनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? मी म्हटलं, बँकेत, पासबुक भरताना. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "कळवतो."

चटकन उत्तर देणारी माणसं जगात उरलीच नाहीत असं नाही हं. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर एक मॅडम विचारतात, व्हिडिओ लाइक करून रोज ३,००० कमवाल का? आधी दीडशे रुपये देतात, मग पुढच्या 'टास्क'साठी आपल्याकडूनच हजारो भरून घेतात, हे मला ठाऊक आहे. पण "सर, जेवलात का?" असं विचारणारी एचआर मला दुसरी भेटलेली नाही.

आईचा उपाय एकच, तलाठ्याचा फॉर्म भर. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांवर. खुल्या गटाला शुल्क १,००० रुपये. माझं वय कधीच उलटून गेलंय, पण "बघून वाटत नाही," असं तिचं म्हणणं. तरी त्या दहा लाखांचा मला किंचित हेवा वाटतो. तिथे यादी लागते. आपलं नाव त्यात नाही, हे सरकार रीतसर कळवतं.

परवा मात्र मेल आला. गणपतीच्या सुमारास केलेल्या अर्जाचा. सुरुवात 'डिअर फर्स्ट नेम' अशी. तिथे माझं नाव टाकायचं राहून गेलं होतं. आपल्याहून योग्य उमेदवार मिळाला, आपली माहिती जपून ठेवू, शुभेच्छा. मी दोनदा वाचला. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी कळवलं होतं!

"अगं, उत्तर आलं!" मी ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत आईने देवापुढे साखर ठेवलीसुद्धा, आणि मावशीला फोनही लावला. वाटी माझ्यापुढे आली. मी काही न बोलता चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि गॅलरीत जाऊन पुठ्ठेवाल्या शेठचा नंबर शोधला.

"शेठ," म्हटलं, "तुमचं २०२२ चं कोटेशन नामंजूर झालंय."