नव्या माननीयांना सायकलविषयक चार गोष्टी

अभिनंदन, माननीय नगरसेवक. गुलाल अजून कानामागून पुरता निघाला नसेल, पण प्रभागातले फ्लेक्स उतरायच्या आत दोन विषय तुमच्यापुढे येणार. एक, भाड्याच्या विजेवरच्या स्कूटर. दुसरा, सायकलींचा भव्यदिव्य सोहळा. दोन्हींच्या टिपणात पहिलं वाक्य सारखंच असेल: ‘पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे.’ यातलं ‘असे’ कुणाच्या काळापर्यंत होतं, ते सभागृहात आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका, नवे आहात.

मार्च २०२२मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि नवं निवडून यायला जानेवारी २०२६ उजाडला. मध्ये जवळपास चार वर्षं पुण्याला नगरसेवकच नव्हता, प्रशासक होता. त्यामुळे जुन्या-जाणत्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या कोपराच्या ढुशीवर हात वर करायला शिकायची सोय राहिली नाही. ती उणीव मी भरून काढतो. माझा अधिकार विचाराल तर एवढाच: मी या शहरात पंचेचाळीस वर्षं सायकल चालवली आणि अजून जिवंत आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्हाला डुलकी लागेल. जे येतं आणि जातं, त्याला भरभरून पाठिंबा द्यायचा. जे येतं आणि राहतं, ते एक महिना पुढे ढकलायचं.

राहणाऱ्या गोष्टींनी काय घोटाळा होतो ते बघायचं तर जंगली महाराज रस्त्यावर जा. १९७६ साली रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं तो केला, दहा वर्षांची हमी देऊन. दहा वर्षं गेली, वीस गेली, पावसाळ्यामागून पावसाळे गेले, पण रस्त्याला खड्डा म्हणून पडेना. त्या कंपनीला महापालिकेनं पुन्हा काम दिलं नाही, असं पुण्यात सांगतात. सांगतात ते हळहळून, पण तुम्ही त्यातला धंदा ओळखा. खड्डा नाही तर पॅचवर्क नाही, पॅचवर्क नाही तर पाहणी दौरा नाही, आणि पाहणी दौरा नाही तर चार अभियंत्यांच्या घोळक्यात डांबराकडे बोट दाखवून उभे असलेले तुम्ही नाही. मतदारानं ओळखायचं कसं?

आता स्कूटरचा विषय. कंपनीची माणसं टाय लावून सादरीकरणाला येतील. पडद्यावर हिरवी झाडं, हसरी मुलगी, मेट्रो स्टेशन. मेट्रोतून उतरल्यावर घरापर्यंत जायचं कसं, या प्रश्नावर तोडगा म्हणून ही स्कूटर. पीएमपीची छोटी बस वाढवली तरी हा प्रश्न सुटतो, असं कुणीतरी मागच्या बाकावरून पुटपुटेल. लक्ष देऊ नका. बस राहते. तिला दरवर्षी पैसे लागतात, ड्रायव्हर लागतो, आणि ती आली नाही की लोक तुम्हाला फोन करतात. स्कूटर आली नाही तर लोक ॲपला शिव्या देतात.

शिवाय हिची कायदेशीर गंमत बघा. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की कायद्याच्या दृष्टीनं ती मोटार वाहनच नव्हे. दिसते वाहनासारखी, पळते वाहनासारखी, सिग्नल तोडते तर अगदी अस्सल पुणेरी वाहनासारखी, पण वाहन नाही. म्हणून लायसन नको, नंबरप्लेट नको, आणि मुख्य म्हणजे हेल्मेट नको. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या शहराला याहून लाडकं वाहन कोणतं मिळणार? एकानंच बसायचं असा कंपनीचा नियम असतो. तो वाचून दाखवताना चेहरा गंभीर ठेवा. पहिल्याच संध्याकाळी तीन पोरं एकीवर बसून फर्ग्युसन रस्त्यानं जाताना दिसतील, तेव्हा ‘प्रतिसाद उत्स्फूर्त आहे’ म्हणा.

या स्कूटर उभ्या कुठे करायच्या, हा प्रश्न निघेलच. उत्तर सोपं आहे: पदपथावर. तिथे पिवळा चौकोन आखून द्या. दुसऱ्या दिवशी त्यात कुणाची तरी बुलेट लागेल, चौथ्या दिवशी भुर्जीची गाडी, आणि आठवड्याभरात समोरचा दुकानदार दोन कुंड्या ठेवून चौकोन आपल्या नावावर करून घेईल. मग स्कूटर चौकोनाबाहेर, भुर्जी चौकोनात आणि आजीबाई रस्त्यावर. आजीबाईंचा पाय मुरगळला तर समाचाराला जा, जाताना शहाळं न्या. तेही येतं आणि जातं.

जनमत मात्र चुकूनही घेऊ नका. पॅरिसनं ती चूक केली. तिथे तीन कंपन्यांच्या मिळून पंधराएक हजार स्कूटर होत्या, उभ्यानं चालवायच्या. २ एप्रिल २०२३ला महापालिकेनं लोकांनाच विचारलं, ठेवायच्या का? साडेसात टक्क्यांच्याही आत मतदान झालं, आलेल्यांपैकी ८९ टक्क्यांनी ‘नको’ म्हटलं, आणि त्या साली १ सप्टेंबरपासून स्कूटर हद्दपार झाल्या. एवढ्याशा मतदानावर तिथल्या महापौरांनी निर्णय अमलात आणला! आपल्याकडे निम्म्या पुण्यानं एका आवाजात काही सांगितलं तरी आपण ते ‘अभिप्रायासाठी प्रशासनाकडे’ पाठवतो, ही परंपरा मोडायची नाही.

आपल्याकडे हे सगळं विनाजनमत कसं पार पडतं, त्याचा नमुना घरातच आहे. डिसेंबर २०१७. महापालिकेच्या मुख्य सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून जास्त सायकल मार्गांचं जाळं त्यात होतं. त्याच सुमाराला ॲपवरच्या सायकली आल्या, आधी विद्यापीठात आणि औंधात, मग इतरत्र. पिवळ्या, नारिंगी, अर्ध्या तासाला एक रुपया. पुढाऱ्यांनी धोतराचा सोगा सावरत फेरी मारली, फोटो छान आले. मग कुणाचं सीट गेलं, कुणाचं कुलूप तुटलं, काही सायकली लोकांनी मायेनं घरी नेल्या. दोनेक वर्षांत सगळं दिसेनासं झालं. पिवळ्या सायकलींची कंपनी तर जुलै २०१८मध्ये देशच सोडून गेली. कुणाला जाब विचारावा लागला नाही, कुणाला द्यावा लागला नाही. आराखड्यातले मार्ग? ते राहणारे होते, हो.

(इथे एक घरगुती गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आमच्या लहानपणी पेठेतल्या प्रत्येक बोळाच्या तोंडाशी भाड्याच्या सायकलीचं दुकान असे. आठ आणे तास. ॲप म्हणजे लाल कापडी बांधणीची एक वही. ओटीपी नव्हता, ‘कुणाचा रे तू?’ होतं. बापाचं नाव सांगितलं की पडताळणी पूर्ण. सायकल आणायला उशीर झाला की मालक घरी येई, आणि बाप खाली जाऊन पैसे देण्याआधी आमच्या पाठीत हप्ता भरी. सीट चोरायची कुणाची छाती नव्हती, कारण सीट कुणाचं ते अख्ख्या वाड्याला ओळखू येई. परवा पुतण्यानं मला अशी एक विजेवरची स्कूटर ॲपवर काढून दिली. ती पुलाच्या ऐन मध्यावर थांबली. बॅटरी भरलेली होती, मीही बरा होतो, पण ‘झोन संपला’ होता. दोन्ही टोकांना शहर आणि मध्ये मी, अशा अवस्थेत मीटर मात्र इमानानं चालू होता. कंपनीला फोन केला तर एका मुलीच्या आवाजानं माझा अनुभव पाचपैकी किती, असं विचारलं.)

सायकल ट्रॅकचा विषय निघाला तर? निघतोच, सायकलवाल्या संस्थांची तीन-चार माणसं निवेदन घेऊन येतात. त्यांना चहा पाजा. ट्रॅक तुम्हालाही हवाच आहे असं सांगा, कारण तसा तो असतोच: बसथांब्याच्या मागून निघतो, विजेच्या डीपीला वळसा घालतो, रसवंतीच्या बाकड्याखालून जातो आणि एका वडाच्या बुंध्यात समाधी घेतो. तो सलग करायचा म्हटला तर गाड्यांचं पार्किंग जाणार. गाडीवाला तुमचा मतदार. आणि रोज सायकल चालवणारा? पहाटेचा पेपरवाला, गवंड्याच्या हाताखालचा पोरगा, सोसायटीचा वॉचमन. यांची नावं गावच्या यादीत, परभणीत नाही तर बीडात, वॉचमनचं तर कधी नेपाळात. आकडेमोड तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते.

म्हणून सोहळा. माननीय, सोहळ्यासारखी गोष्ट नाही. १९ ते २३ जानेवारी २०२६, पुणे ग्रँड टूर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या दिनदर्शिकेतली शर्यत, चारशे किलोमीटरहून जास्त अंतर, पाच दिवस, शहर आणि घाटमाथा. मुंबई–पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ कोण होतो ते बघायला खंडाळ्यात उभे राहिलेल्या माझ्यासारख्याला कौतुक वाटलंच. ते पोरगे डोळ्यांसमोरून गेले तेव्हा आवाज आला तो वाऱ्याचा. त्यांच्या सायकलींना वजनाची किमान मर्यादा असते, ६.८ किलो. आमच्या वॉचमनचा जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि कुलपाची साखळीच तेवढी भरेल.

पण तुम्ही शिकायचं ते वेगळंच. असल्या सायकलीचं टायर दोन बोटं रुंद. ताशी चाळीसच्या वेगात ते खड्ड्यात गेलं तर देशाची अब्रू जाते. म्हणून मार्गावरचे रस्ते झाले. नुसते झाले नाहीत, गुळगुळीत झाले. चेंबरची झाकणं, जी आमच्या जन्मापासून रस्त्याच्या वर चार बोटं किंवा खाली सहा बोटं असतात, ती रस्त्याच्या पातळीत आली. म्हणजे ती तशी येऊ शकतात, हे पुणेकरांना पहिल्यांदाच कळलं. ही बातमी फार पसरू देऊ नका. आणि दुसरी एक तर मुळीच नको: तुमचा निकाल १६ जानेवारीला, शर्यत १९ला. सभागृहाची एकही बैठक झालेली नसताना रस्ते होऊन बसले होते. कुणी पत्रकारानं हे दोन दिनांक शेजारी शेजारी मांडले, तर घाईघाईनं ‘माझ्या पाठपुराव्यामुळे’ म्हणा. पाठपुरावा मागूनच करायचा असतो, शब्दातच आहे.

पुढच्या सोहळ्याला मात्र तुम्ही असाल. तेव्हा पोटावर न ताणणारी जर्सी आधीच शिवून घ्या. झेंडा दाखवताना वाऱ्याची दिशा बघा, नाहीतर ऐन क्षणी तोंडावर झेंडाच येतो. दुभाजक रंगवा, भिंतींवर सायकलींची चित्रं काढा. जिथे सायकलवाल्याला जागा नाही तिथे सायकलीचं चित्र फार खुलून दिसतं. तुमच्या ‘स यादी’तून, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठी तुमच्या वाट्याला येणाऱ्या निधीतून, स्वागत कमानीला तरतूद टाका, वर्गीकरण, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवणं, नंतर करता येतं. ड्रेनेजच्या लोकांना सांगून ठेवा की शर्यत संपल्याशिवाय खोदायचं नाही. नंतर त्यांना अडवू नका, बिचारे किती दिवस थांबलेले असतात.

आणि त्या दिवशी सकाळी एक प्रसंग घडेल, त्याची तयारी ठेवा. रात्रपाळी करून एक वॉचमन जुन्या काळ्या सायकलवरून घरी निघालेला असेल. हँडलला डबा, मडगार्डला सुतळी. बॅरिकेडपाशी हवालदार त्याला अडवेल. ‘मागं घे, रस्ता बंद आहे.’

‘कशासाठी?’

‘सायकली येणारेत.’

तो एकदा हवालदाराकडे बघेल, एकदा आपल्या सायकलीकडे. त्या वेळी तुम्ही जवळच असाल, जर्सीत. पुढे व्हा, खांद्यावर हात ठेवा, हा शहराच्या अभिमानाचा दिवस आहे म्हणून समजवा. चहाही द्या. बहुधा तो काही न बोलता सायकल हातात धरून लांबच्या बोळानं निघून जाईल.

पण एखादा थांबतो. बॅरिकेडच्या फटीतून त्या नव्या कोऱ्या डांबराकडे बघत राहतो आणि विचारतो, ‘साहेब, उद्यापासून मग आम्ही यावरून जायचं ना?’

तेव्हा घाबरायचं नाही. घड्याळाकडे बघायचं आणि तहकुबी मांडायची.