‘कोर्टाने खोटारडी ठरवलेली पत्रकार’: तो निकाल कोणी उघडून पाहिला आहे का?

माझ्या भाचीने यंदा पत्रकारितेच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज भरला आहे. तिच्या आत्यांनी परवा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लांबलचक मजकूर पुढे धाडला आणि खाली लिहिले, ‘शोधपत्रकारितेचे शेवटी असे होते. अजून वेळ गेलेली नाही, बी.कॉम. कर.’ हा मजकूर ब्रिटिश पत्रकार कॅरोल कॅडवॉलडर यांच्याविषयी आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की कोर्टाने या बाईला खोटारडी ठरवून दंड ठोठावला. केंब्रिज अ‍ॅनालिटिका (फेसबुकवरील लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरल्याचा आरोप असलेली कंपनी) हे प्रकरण तिच्या कल्पनेचा खेळ होता आणि चौकशीत काहीच निघाले नाही. भारताचा तर त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. ती मुळात प्रवासाची पुस्तके आणि कादंबरी लिहिणारी. आणि आता कोणी विचारत नाही म्हणून पॉडकास्ट करत बसली आहे. एकाच आठवड्यात मला हे तीन ठिकाणांहून आले, म्हणून उत्तर द्यायला बसलो आहे.

सर्वांत घातक मुद्दा कोर्टाचा, कारण त्यात निकालाचे नाव घेऊन निकालाच्या उलट सांगितले आहे. एप्रिल 2019 मध्ये कॅडवॉलडर यांनी व्हँकुव्हरला टेड या भाषणमालेच्या व्यासपीठावर भाषण केले. विषय होता फेसबुक आणि ब्रेक्झिटचे सार्वमत. ब्रेक्झिटच्या मोहिमेला मोठा पैसा देणारे उद्योजक अ‍ॅरन बँक्स यांचा त्यात एका वाक्यापुरता उल्लेख होता: रशियन सरकारशी असलेल्या छुप्या संबंधांबाबत ते जे खोटे बोलले आहेत, त्यात मी शिरतही नाही, अशा अर्थाचा. बँक्स यांनी टेडला सोडले, कॅडवॉलडर ज्यात लिहीत त्या ‘द ऑब्झर्व्हर’ वृत्तपत्राला सोडले आणि त्या वाक्यावरून व एका ट्वीटवरून एकट्या कॅडवॉलडर यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. न्यायालयाने त्या वाक्याचा जो अर्थ निश्चित केला, तो परकीय पैसा बेकायदा स्वीकारण्याशी जोडलेला होता. तो आपल्या मनात नव्हता, असे कॅडवॉलडर यांचे म्हणणे होते आणि ‘विधान सत्य आहे’ हा बचाव त्यांनी पुढे मागे घेतला. बँक्स यांनी रशियन पैशाचा आरोप कायम नाकारला आहे आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे तपास संस्थेला सप्टेंबर 2019 मध्ये गुन्ह्याचा पुरावा आढळला नाही, हेही खरे. इतके मजकूरकर्त्याला देऊन टाकू.

पण 13 जून 2022 रोजी न्यायमूर्ती कॅरन स्टेन यांनी तो दावा फेटाळला, हे त्या मजकुरात कुठेच नाही. भाषण प्रसिद्ध होणे लोकहिताचे आहे, असे कॅडवॉलडर यांना वाटत होते आणि तसे वाटण्याला वाजवी आधार होता, हा त्या निकालाचा गाभा आहे. आधार अर्थातच आकाशातून पडलेला नव्हता. रशियन राजदूतासोबतच्या एकाच भोजनाची गोष्ट बँक्स आधी सांगत असत. भेटी एकाहून अधिक होत्या हे 2018 मध्ये बाहेर आले आणि संसदीय समितीपुढे त्यांनी स्वतःच दोन-तीन भेटींची कबुली दिली. आता ‘दंडा’चे. फेब्रुवारी 2023 मध्ये अपील न्यायालयाने पहिल्या वर्षापुरता लोकहिताचा बचाव कायम ठेवला आणि ट्वीटबाबत बँक्स यांचे अपील फेटाळले. तपास संस्थेचा निष्कर्ष ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने मान्य केल्याचे 29 एप्रिल 2020 रोजी जाहीर झाले होते. त्यानंतरही भाषण संकेतस्थळावर तसेच राहिले, आणि तेवढ्या काळापुरती 35,000 पौंडांची भरपाई द्यावी लागली. शिवाय दाव्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांच्या माथी आला, तो भरपाईच्या कितीतरी पट होता. दिवाणी दाव्यातली भरपाई म्हणजे दंड नव्हे, हे बी.कॉम.च्या व्यावसायिक कायद्याच्या पेपरातही शिकवतात. जाता जाता त्यांच्या चाहत्यांनाही एक सांगायला हवे: हा दावा केवळ पत्रकाराचे तोंड बंद करण्यासाठी होता, हे वर्णन न्यायमूर्ती स्टेन यांनीच न्याय्य मानले नाही.

‘चौकशीत काहीच निघाले नाही’ हा मुद्दा अर्धा खरा आहे. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचा ब्रेक्झिटच्या सार्वमतात हात असल्याचे, युकिप या ब्रेक्झिटवादी पक्षाशी झालेल्या प्राथमिक कामापलीकडे, ब्रिटनच्या माहिती आयुक्तांना (तिथे हे लोकांच्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणावर देखरेख करतात) 2020 मध्ये दिसले नाही. या बाबतीत कॅडवॉलडर यांचे सुरुवातीचे मथळे पुराव्याच्या पुढे धावले होते, असे माझेही मत आहे. पण मार्च 2018 मध्ये कंपनीचे माजी कर्मचारी क्रिस्टोफर वायली यांना पुढे आणून त्यांनी जे छापले, ते फेसबुकच्या विदाचोरीविषयी होते, आणि त्यातले काय खोटे ठरले? माहिती गेलेल्या लोकांचा 8 कोटी 70 लाख हा आकडा फेसबुकनेच दिला. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाच्या लंडन कार्यालयात माहिती आयुक्तांचे अधिकारी पाठीवर ‘एनफोर्समेंट’ लिहिलेली जाकिटे घालून रात्री आठच्या सुमारास शिरले, ते दृश्य जगाने पाहिले. मे महिन्यात कंपनीने गाशा गुंडाळला. फेसबुकला ब्रिटनमध्ये त्या वेळच्या कायद्यातला कमाल म्हणजे 5 लाख पौंडांचा आणि अमेरिकेत 2019 मध्ये 5 अब्ज डॉलरचा दंड झाला. दंड म्हणतात तो हा.

भारताचे उत्तर एका ओळीचे आहे. ज्या चाचणीवजा अ‍ॅपमधून ही फेसबुकची माहिती गोळा झाली, ती भारतात 335 जणांनी घेतली आणि त्यांच्या मित्रयाद्यांमुळे एकूण 5,62,455 भारतीयांची माहिती हाती लागली असण्याची शक्यता फेसबुकनेच सांगितली. जानेवारी 2021 मध्ये सीबीआयने गुन्हाही नोंदवला.

प्रवासाची पुस्तके त्यांनी लिहिली, कादंबरीही लिहिली. मग? 2018 चा राजकीय पत्रकारितेचा ऑर्वेल पुरस्कार त्या पुस्तकांना मिळाला नव्हता. पण या हिणवण्याला इतिहास आहे. 2017 मध्ये ‘लीव्ह डॉट ईयू’ या ब्रेक्झिटवादी मोहिमेने एका जुन्या विनोदी चित्रपटातल्या, रांगेतले प्रवासी किंचाळणाऱ्या बाईला एकामागून एक थोबाडीत मारतात त्या दृश्यात कॅडवॉलडर यांचा चेहरा चिकटवून चित्रफीत पसरवली होती. ‘प्रवासवर्णनवाली बाई’ त्याच जातीचे आहे, फक्त त्यात हात उगारलेला दिसत नाही.

राहिला पॉडकास्ट. ब्रिटनच्या तेव्हा सत्ताधारी असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात रशियन हेरगिरीची शंका आलेल्या सर्गेई क्रिस्टो यांची कहाणी त्यांनी पत्रकार पीटर ज्यूक्स यांच्यासोबत भागाभागांतून मांडली. कागदपत्रे, मुलाखती, पडताळणी, सगळे तेच, फक्त छापण्याऐवजी ऐकवलेले. ‘द ऑब्झर्व्हर’ टॉर्टॉइज कंपनीला विकण्याविरुद्ध डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या पत्रकारांनी संप केला, विक्री तरीही झाली आणि कॅडवॉलडर यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्यानंतर जुन्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘द नर्व्ह’ सुरू केले. कोणी विचारत नाही, ते हे.

आत्यांच्या मजकुराखाली मी दोन्ही निकालांचे दुवे टाकले आहेत. भाचीने पहिला उघडला असून ‘लोकहिताचा बचाव’ म्हणजे नेमके काय, असे विचारले आहे. आत्यांनी अजून उघडलेला दिसत नाही.