घासाघीस एक्स-शोरूमवर नाही, त्याच्या खालच्या ओळींवर करा

रविवारी ताईचा फोन आला, भाच्याने गाडी काढली म्हणून. तो मागून ओरडून सांगत होता, "मावशी, दीड हजार कमी करून घेतले!" मी म्हटलं, कोटेशनचा फोटो पाठव. फोटो बघितला आणि डोकंच फिरलं. दीड हजार वाचवून हा मुलगा पावणेसात हजार जास्तीचे भरून आला होता. आणि कशाच्या भरवशावर? तर घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजच्या.

तो मेसेज मलाही तीनदा आलाय. थोडक्यात असा: "नवीन बाईक घेताय? डीलरला गाडीमागे 30 टक्के सुटतात. एक्स-शोरूमवर 15,000 कमी मागा, शेवटी देतातच. रोख पैसे न्या, रोखीला जास्त सूट. पासिंग, हँडलिंग, किट हे सगळं सरकारी असतं, त्यावर वाद घालू नका. विमा शोरूमचाच घ्या, नाहीतर वॉरंटी जाते. शक्यतो डिसेंबरात घ्या."

मी सात वर्षं एका दुचाकी शोरूमच्या बिलिंग काउंटरवर बसले आहे. हा मेसेज वाचून माणूस नेमका चुकीच्या जागी भांडतो आणि जिथे भांडायचं तिथे मान डोलावतो. म्हणून लिहितेय.

आधी ते तीस टक्के. भाच्याची गाडी 125 सीसीची, एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विमा धरण्याआधीची किंमत, 90,000. या किमतीत 18 टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो, म्हणजे 13,729 रुपये सरकारचे. वर डीलरचे तीस टक्के म्हणजे 27,000 काढा. उरले एकोणपन्नास हजारांच्या आसपास. तेवढ्यात कंपनीने इंजिन, चासी, टायर, कामगारांचे पगार, जाहिरात आणि वाहतूक हे सगळं भागवून वर नफाही काढायचा? रोजच्या वापराच्या गाड्यांवर डीलरचं मार्जिन एक आकडी टक्क्यांत असतं. त्यातून जागेचं भाडं, पगार आणि गोडाऊनमध्ये उभ्या गाड्यांवरचं व्याज जातं. त्यामुळे पंधरा हजार मागितले की सेल्समन हसतो, थोडा वेळ आत मॅनेजरकडे जाऊन येतो आणि दीड हजार देतो. गिऱ्हाईक खूश. मग तो कागदाची खालची बाजू भरायला घेतो.

हेही लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. आधी जी गाडी एक लाखाला होती, ती तेवढ्यानेच 92,188 च्या आसपास यायला हवी. ही कपात सरकारची आहे. कोणी ती "आमच्याकडून खास सूट" म्हणून सांगत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

आता मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ: "पासिंग, हँडलिंग, किट हे सगळं सरकारी असतं." भाच्याच्या कोटेशनवर एक्स-शोरूमखाली हे होतं: आरटीओ 12,500, हँडलिंग 1,200, ॲक्सेसरीज किट 3,450, विमा 8,100. पोराने यातल्या एकाही आकड्यावर तोंड उघडलं नाही, कारण मेसेजने सांगितलं होतं उघडू नकोस.

आरटीओची ओळ घ्या. महाराष्ट्रात दुचाकीला एकरकमी कर 99 सीसीपर्यंत 10 टक्के, 299 पर्यंत 11 आणि त्यावर 12 टक्के. भाच्याच्या गाडीला 11 टक्के म्हणजे 9,900. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 81 मध्ये फीचा तक्ता आहे: मोटारसायकलची नोंदणी 300, स्मार्ट कार्डचे 200. कर्ज असेल तर बोजा चढवायचे आणखी 500, पण याने रोखीने घेतली. झाले 10,400. टपालाचे किरकोळ पैसे सोडा, पण वरचे 2,100 कुठे गेले? विचारलं तर उत्तर येतं "एजंटचे". अहो, नवीन गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा, हे 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 मध्येच आहे. कायद्याने जे काम त्याच्यावर टाकलंय त्याचे एजंटचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यायचे? कर आणि फी ऑनलाइन भरली जाते आणि तिची पावती निघते. ती मागा. पावतीवर जेवढं लिहिलंय तेवढंच सरकारी.

हँडलिंग ही तर सरकारी फी नाहीच. गाडी गोडाऊनमधून आणणं, धुणं, तपासून देणं हा डीलरच्याच धंद्याचा भाग. आमच्या काउंटरवर ही रक्कम माणूस बघून लिहिली जायची. शेजारी ओळखीचा बसला असेल तर शून्य, गावाकडून एकटा आला असेल तर पंधराशे. मी हे माझ्या हाताने लिहिलंय. त्याचा मला आजही त्रास होतो.

आणि किट. या किटवरच मला सगळ्यात जास्त राग आहे. भाच्याच्या 3,450 ची फोड अशी: लेग गार्ड 900, सीट कव्हर 500, टँक कव्हर 500, साडी गार्ड 550, हेल्मेट 1,000. पहिल्या तीन वस्तू हौसेच्या. बाहेर बाजारात बघा, नको असतील तर घेऊ नका. पण साडी गार्ड? त्याच 1989 च्या नियमांतला नियम 123 वाचा. मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असल्याशिवाय ती बनवायचीच नाही, असं तो म्हणतो. कशासाठी, तेही लिहिलंय: मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. म्हणजे साडी गार्ड हा गाडीचाच भाग आहे. टायरचे वेगळे पैसे कोणी मागतं का? हेल्मेटचंही तेच. नियम 138 म्हणतो की दुचाकी विकत घेताना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकाचं हेल्मेट उत्पादकाने द्यायचं. म्हणजे कायद्याने जे मिळायलाच हवं, त्याचे 1,550 रुपये माझ्या भाच्याने मोजले.

पैसे एकवेळ सोडून देईन. पण "किट नको" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला साडी गार्ड काढून गाडी दिलेली मी बघितली आहे. मेकॅनिक दोन नट सोडवायचा, ती जाळी कोपऱ्यातल्या ढिगात टाकायचा आणि गाडी गेटबाहेर जायची. त्याच गाडीवर दुसऱ्या दिवशी कोणाची तरी आई पदर सावरत एका बाजूला पाय टाकून बसणार असते. ताई तशीच बसते. म्हणून सांगते, गाडी ताब्यात घेताना मागचं चाक वाकून बघा.

विम्याचं थोडक्यात. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणारा, नवीन दुचाकीला पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 सप्टेंबर 2018 पासून हे लागू आहे. त्याचा दर ठरलेला आहे, 75 ते 150 सीसीला 3,851 अधिक जीएसटी, म्हणजे साधारण 4,544. तो कुठेही घ्या, तेवढाच. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि त्यावरची कव्हर्स यांचा दर कंपनीगणिक बदलतो, तिथे तुलना करा. शोरूमचाच घ्या अशी सक्ती करता येत नाही, विमा नियामकाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना त्यासाठीच आहेत. वॉरंटी गाडीच्या कंपनीची, विमा विमा कंपनीचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आधीपासून असेल तर तेही पुन्हा घ्यावं लागत नाही.

रोखीने जास्त सूट? बहुतेकदा उलटंच. कर्ज करून दिलं की शोरूमला फायनान्स कंपनीकडून पैसे मिळतात, रोखीत ते बुडतात. म्हणून कर्ज घ्या असं मी म्हणत नाही. "फक्त नऊ टक्के फ्लॅट" (हप्ते फिटत गेले तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच) म्हणून जे सांगतात, ते तीन वर्षांच्या हप्त्यांवर मोजलं तर सोळा टक्क्यांच्या वर जातं. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. त्यात वार्षिक खर्चाचा खरा टक्का असतो. सही करण्याआधी तेवढा एक आकडा वाचा.

राहिला डिसेंबर. हे अर्धं खरं आहे, मान्य करते. वर्ष बदललं की उभी गाडी जुन्या सालाची होते, त्यामुळे डीलर जरा सैल सोडतो. पण ती गाडी पुढे विकताना साल तुम्हालाच आडवं येतं. खरीखुरी मोठी सूट मी एकदाच बघितली. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिलपासून बीएस-3 (प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या) गाड्यांची विक्री बंद केली आणि उरलेल्या दोन दिवसांत काही गाड्यांवर बावीस हजारांपर्यंत सूट लागली. रात्री उशिरापर्यंत आम्ही बिलं फाडत होतो. देशभरात पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी पडून होत्या आणि 1 एप्रिलला त्या विकताच येणार नव्हत्या, म्हणून ती सूट. दर डिसेंबरात तसं होत नाही.

काल भाचा कोटेशन आणि नियम 123 ची प्रिंट घेऊन शोरूममध्ये गेला. साडी गार्ड आणि हेल्मेटचे पैसे परत करू म्हणाले. आरटीओची पावती मागितली तर "सिस्टीम बंद आहे", आणि हँडलिंगबद्दल मॅनेजर सोमवारी भेटतील. सोमवारी मीही जातेय त्याच्याबरोबर.